सतरा माणसं, अठरा खुंट्या

१. नऊ आणि नऊ

मुलांनो, डोळे मिटा पाहू. मी सांगतो ते एकेक समोर आणत चला, घाई करू नका.

आपल्या ह्या छत्रपती संभाजीनगरला सगळे औरंगाबाद म्हणत होते, तेव्हाची गोष्ट आहे. पोलीस ॲक्शन होऊन नऊ-दहा वर्षं झाली आहेत. छावणीत एक लहानसं चर्च आहे आणि चर्चच्या मागं टिनाचं लांब छप्पर. छपराखाली सुतारकामाचा कारखाना. जमिनीवर भुसा इतका, की अनवाणी चाललात तर बोटं दिसेनाशी होतील. वास येतोय? सागाचा, उकळत्या सरसाचा आणि चपड्याच्या, म्हणजे लाखेच्या, पॉलिशचा. हिवाळा आहे, म्हणून उन्हाच्या पट्ट्यात बसून कुणीतरी रंधा मारतंय.

ह्या कारखान्याला धनी नाही. पूर्वी मिशनचे साहेब होते. मायदेशी परतताना त्यांनी छप्पर आणि हत्यारं इथल्याच सतरा कारागिरांच्या हवाली केली. सतरा जणांनी मिळून सोसायटी केली आणि दोन नियम ठरवले. सगळ्यांना सारखा वाटा. आणि काही ठरवायचं असेल, तर प्रत्येकाला एक मत.

बरीच वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग फकिरा मिस्त्री म्हातारा झाला.

फकिरा सगळ्यांत जुना. निम्म्या लोकांना करवत धरायला त्यानंच शिकवलेलं. पण आता त्याचे डोळे अधू झाले होते आणि हात कापत होता. मुलींच्या शाळेसाठी चाळीस बाकांचं काम आलं होतं, त्यात त्यानं सागाच्या सहा फळ्या आखूड कापल्या. मग त्याला पॉलिशवर बसवलं. पॉलिशला तर दोन माणसं आधीच होती.

काकासाहेब सोसायटीचे चेअरमन होते. त्यांनी सरळच प्रश्न मांडला. फकिरानं राहावं की घरी बसावं? उघड हात वर करायला कुणाला जमेना, म्हणून गुप्त मत घ्यायचं ठरलं.

बऱ्याच जणांना लिहिता येत नव्हतं. तेव्हा रामकिसन नावाच्या तरुण सुतारानं वेताच्या एका काठीच्या सतरा खुंट्या कापल्या. प्रत्येकाला एक. नुकतीच देशाची निवडणूक झाली होती. तिथं प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि तिच्यावर चित्र असायचं. इथंही तसंच करायचं होतं. रामकिसन नव्या पेट्या करायला निघाला, तर काकासाहेब म्हणाले, "चांगलं लाकूड कशाला वाया घालतोस? चर्चच्या दोन दानपेट्या आहेत, त्याच आण."

त्या पेट्या छावणीतल्या प्रत्येक ख्रिस्ती पोराच्या ओळखीच्या. दर रविवारी दोन्ही रांगेतून फिरायच्या, एक मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, खर्चासाठी आणि दुसरी गोरगरिबांसाठी. कुणाकडं पैसा नसेल तर तो चिमूटभर ज्वारी टाकी, कुणी दोऱ्याची गुंडी. त्या पेट्यांवर रामकिसननं कागद चिकटवले. एकीवर रंध्याचं चित्र, म्हणजे फकिरानं राहावं. दुसरीवर दाराचं, म्हणजे घरी बसावं.

गुरुवारी दुपारी पेट्या हत्यारांच्या खोलीत ठेवल्या. एकेकानं आत जायचं, दार ओढून घ्यायचं, खुंटी टाकायची, बाहेर यायचं. खुर्च्या विणणाऱ्या चतुराबाई शेवटून दुसऱ्या गेल्या, आणि सगळ्यांत शेवटी फकिरा.

काकासाहेबांनी रंध्याची पेटी पालथी केली. नऊ खुंट्या.

दाराची पेटी पालथी केली. नऊ.

आता डोळे उघडा आणि बोटांवर मोजा. माणसं सतरा. खुंट्या किती झाल्या?

२. सगळे एकाकडंच बघतात

"अठरा," रामकिसन म्हणाला. "मी सतराच कापल्या व्हत्या. काठी संपली तिथं."

"मग अठरावी काय आभाळातून पडली?" कुणीतरी विचारलं.

काकासाहेबांनी दोन्ही ढीग पुन्हा मोजले. "म्हणजे कुणीतरी आपली एक टाकली आणि वर आणखी एक टाकली," ते म्हणाले. "मी कुणाचं नाव घेत नाही."

नाव घ्यायची गरजच नव्हती. एक खुंटी जास्त आली नसती, तर रंध्याकडं कदाचित आठच असत्या आणि फकिरा घरी बसला असता. शिवाय खोलीत शेवटी तोच गेला होता. आणि तो पॉलिशला बसायचा, त्याच्या शेजारीच खुर्च्यांच्या वेताच्या तुकड्यांचं टोपलं असायचं. सगळ्यांचे डोळे हळूहळू त्याच्याकडं वळले.

फकिरानं चिंधी उचलली आणि अंगठा पुसत राहिला. चपड्यानं त्याची बोटं कायमची तांबूस-तपकिरी झालेली. कितीही पुसली तरी जात नसत.

"दानपेटीत हात घालून चोरी," तो हळू म्हणाला. "बरं. एवढंच ऐकायचं राहिलं व्हतं."

"फकिरादादा, मी असं म्हटलं का?"

"नाय म्हटलं. शनिवारी पुन्हा बैठक हाय ना? बैठक झाली की दुपारच्या मोटारीनं मी पाचोडला जातो. मनकर्णाबाई हाय तिथं, माझी बहीण. भाकर देईल ती."

खिडकीबाहेर एक दहा वर्षांची मुलगी उभी होती. सुवार्ता, फकिराची नात. तिचे आईवडील सडकेच्या कामावर दूर गेलेले. शाळेसाठी ती आजोबांजवळ राहायची. आजोबा पाचोडला गेले म्हणजे तीही जाणार. इथं मुलींच्या शाळेत ती पाचवीत होती, पहिल्या बाकावर बसत होती. तिथं तिला कुठल्या शाळेत बसवणार, हे फकिरालाही ठाऊक नव्हतं.

आणि शाळेपेक्षाही एक गोष्ट तिला जास्त टोचत होती. आपला आबा चोर नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. पण नुसतं माहीत असून काय करायचं?

ती पळाली ती थेट सारजाबाईंच्या दारात.

३. सारजाबाई चष्मा शोधतात

सारजाबाई मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं सुईण होत्या. आता घरीच असत. छावणीत भांडण झालं, की पोलिसांच्या आधी त्यांना बोलावत. कारण त्यांच्यासमोर खोटं बोलायची कुणाची छाती होत नसे.

सुवार्तानं धापा टाकत सगळं सांगितलं.

"मावशी, तुम्ही काकासाहेबांना सांगा ना, आबा चोर नाय म्हणून."

"मी सांगून काय होतंय? मी काय पेटीत बसले होते?" सारजाबाई म्हणाल्या. "रडू नको. रडणारं माणूस निम्मंच बघतं. माझा चष्मा बघ कुठंय."

"डोक्यावर हाय."

"हां. बघ, तुला दिसतंय की. उद्या माझ्यासंगं चल."

शुक्रवारी शाळा सुटल्यावर दोघी काकासाहेबांच्या खोलीत गेल्या. पेट्या ठेवलेल्या कपाटाची किल्ली द्यायला काकासाहेब तयार होईनात.

"मावशी, ही सोसायटीची बाब आहे. तुम्ही सभासद नाही."

"नाय ना? म्हणूनच आले. सभासद सगळे संशयात हायत. तू बी."

"मी?"

"का? तुला फकिरा जायला पाहिजे. मतदान नासवायला तुला बी कारण हाय." सारजाबाई शांतपणे स्टुलावर बसल्या. "तू जन्मलास तेव्हा रडलाच नव्हतास. पायाला धरून उलटा केला, दोन चापट्या दिल्या, तेव्हा आवाज फुटला. आता किल्ली देतोस का?"

काकासाहेबांनी किल्ली दिली. देताना थोडं हसूही आलं त्यांना.

"मला तो जायला नकोय," ते म्हणाले. "पण तुम्हीच सांगा. मागच्या रविवारी उपदेशात पाळकसाहेबांनी द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला दिला. सकाळी आलेल्याला जेवढा रोज, तेवढाच संध्याकाळी आलेल्याला. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. पण मावशी, तो मळा धन्याचा होता. धनी आपल्या खिशातून उदार झाला. इथं मी उदार झालो, तर ते रामकिसनच्या ताटातून जातं, चतुराबाईच्या ताटातून जातं. दुसऱ्याच्या ताटातलं वाढून मी कसला दाता?"

सारजाबाईंनी हातातली किल्ली उलटीसुलटी केली.

"हे मात्र तू खरं बोललास," त्या म्हणाल्या. "ह्याला माझ्याकडं आत्ता उत्तर नाय."

सुवार्ताला वाटलं होतं की काकासाहेब वाईट आहेत. वाईट माणूस खरं बोलला, की फार पंचाईत होते, मुलांनो. मग तो वाईट राहत नाही.

४. रामकिसन रागावतो

कपाटात दोन्ही पेट्या होत्या. काकासाहेबांनी प्रत्येकीच्या खुंट्या तिच्यातच परत घालून कुलूप लावलं होतं. सारजाबाईंनी आधी रंध्याची पेटी टेबलावर रिकामी केली.

"सुवार्ता, खुंट्या मोजू नको. मोजून सगळ्यांनी बघितलंय. नुसत्या रांगेत उभ्या कर."

सुवार्तानं नऊ खुंट्या शेजारीशेजारी उभ्या केल्या. मग दाराच्या पेटीतल्या नऊ, दुसऱ्या रांगेत. हे करताना दुसऱ्या रांगेतली एक खुंटी तिच्या हातात थबकली. तिच्यावर तांबूस-तपकिरी अंगठा उमटला होता. रेघा न् रेघा दिसत होत्या.

दाराची पेटी. म्हणजे घरी बसावं.

तिनं वर बघितलं. सारजाबाईंनी तिच्या हातातली खुंटी घेतली, डाग मागं जाईल अशी फिरवली आणि रांगेत ठेवली. काकासाहेब तेव्हा कपाटाकडं वळलेले होते.

"मावशी..." सुवार्ता कुजबुजली. "आबांनी स्वतःलाच..."

"पेटीत पडलेलं मत पेटीचं असतं, पोरी. तू काय बघितलं नाय, मी बी नाय. पुढं बघ. आणखी काय दिसतंय?"

सुवार्तानं डोळे पुसले आणि रांगांकडं बघितलं. पहिल्या रांगेत आठ खुंट्या सारख्या उंचीच्या, एक बुटकी. दुसऱ्या रांगेतही आठ सारख्या, एक बुटकी.

"दोन आखूड हायत. हितं एक, तितं एक."

"आता बोलाव रामकिसनला."

रामकिसन आला तो हातातली पटाशी तशीच घेऊन.

"सलाम मावशी. काय काढलं?"

"तू खुंट्या मापून कापल्या का नजरेनं?"

"नजरेनं. पण आपली नजर म्हणजे फूटपट्टी. फकिरा उस्तादच्या हाताखाली शिकलोय." तो टेबलावर वाकला आणि त्याचा चेहरा बदलला. "ह्या दोन कुणी घुसडल्या? ह्या माझ्या नायत. एवढी आखूड खुंटी मी कापीन? माझं लगीन ठरलंय मावशी, असली बदनामी नको."

"खुंटीनं लगीन मोडत नाय. नीट बघ."

त्यानं एक बुटकी खुंटी उचलली आणि उजेडात धरली. "हे एक टोक माझ्या करवतीचं हाय. बघा, दाते दिसतायत, जरा पिंजल्यासारखं. पण हे दुसरं टोक..." त्यानं त्यावरून नख फिरवलं. "ही करवत नाय. हे धारेनं कापलंय, एका फटक्यात. तिरकं गेलंय."

दुसरी बुटकीही तशीच निघाली. एक टोक पिंजलेलं, एक गुळगुळीत आणि तिरकं.

"म्हणजे तुझ्या खुंट्या किती उरल्या?" सारजाबाईंनी विचारलं.

"आठ अन् आठ, सोळा," रामकिसन म्हणाला. मग तो थांबला. "सोळा कशा? मी सतरा वाटल्यात."

"तेच तर," सारजाबाई म्हणाल्या आणि सुवार्ताचा हात धरून उठल्या.

५. पेरू

चतुराबाई कारखान्यातल्या एकट्या बाई. नवरा गेल्यावर त्याची जागा त्यांनी मागितली, तेव्हा काही जण हसले होते. त्यांनी एका दिवसात दोन खुर्च्यांचं वेतकाम विणून दाखवलं आणि हसणं बंद झालं. आज त्या ओट्यावर बसून वेत सोलत होत्या. हातात वेतकामाची लहान, वाकडी सुरी. काम नसलं की ती कमरेलाच खोचलेली.

"या मावशी. बस गं पोरी." त्यांनी टोपलीतून एक पेरू काढला. "एकच हाय. माझ्या भावानं दिलाय."

सुरीचा एकच फटका बसला. पेरूचे दोन सारखे भाग झाले. एक सुवार्ताच्या हातावर, एक सारजाबाईंच्या.

"अन् तुला गं?" सारजाबाई म्हणाल्या.

"दोन माणसं आली अन् एकालाच दिलं, तर दुसऱ्यानं काय माझ्या तोंडाकडं बघायचं? मला नको. दात हलतोय."

"चतुरा, मतदान केलं तेव्हा तू आत लई वेळ होतीस म्हणं."

चतुराबाईंची सुरी क्षणभर थांबली. "उभी राहिले जरा. विचार करत व्हते."

"कशाचा?"

"फकिरा मिस्त्रीनं माझ्या मालकाला हात धरून काम शिकवलं. अन् त्याच मिस्त्रीनं सहा फळ्या नासवल्या, त्यातल्या दोन मी माझ्या पाठीवर वाहून आणल्या व्हत्या." त्यांनी पुन्हा वेत सोलायला घेतला. "अशा टायमाला माणसाला उभं राहू द्यावं थोडं."

सारजाबाई उठल्या. चर्चच्या फाटकाशी सुवार्ता एकदम थांबली. हातातला अर्धा पेरू तिनं वळवून बघितला. कापलेली बाजू गुळगुळीत होती, आणि जराशी तिरकी.

आता मुलांनो, तुम्हीही थांबा. सुवार्ताला जेवढं ठाऊक आहे, तेवढं सगळं तुम्हालाही ठाऊक झालंय. पुढची ओळ वाचायच्या आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. करवतीच्या सोळाच खुंट्या का उरल्या? लबाडी करणारा माणूस दोन्ही बाजूंना सारखी मदत का करील? आणि ज्या पेट्या दर रविवारी समोर येतात, त्या गुरुवारी समोर आल्या, तर हाताला वार कसा कळावा?

६. बैठक

शनिवारी सकाळी सतराच्या सतरा जण भुशावर बसले. मागं भिंतीला लागून शाळेचे तयार बाक रांगेत उभे होते. फकिराचं गाठोडं त्याच्या गुडघ्याशी होतं. सारजाबाई मधोमध स्टुलावर, आणि शेजारी सुवार्ता.

"मी लांबण लावत नाय," सारजाबाई म्हणाल्या. "ही पोरगी सांगेल. तिनं शोधलंय."

सुवार्ताचे कान तापले. पण ती उभी राहिली.

"कुणीच जास्तीची खुंटी टाकली नाय," ती म्हणाली. "सगळे म्हणत व्हते, सतरा अन् वर एक. पण नीट बघितलं तर सोळा अख्ख्या हायत अन् दोन आखूड." तिनं दोन्ही बुटक्या खुंट्या उचलल्या, गुळगुळीत टोकाला गुळगुळीत टोक लावलं. तिरक्या कापावर तिरका काप असा बसला, की सांधा दिसेना. तिनं ती जोडी एका अख्ख्या खुंटीशेजारी धरली. उंची सारखी.

"अरे," रामकिसन म्हणाला. "सतरावी."

"कुणीतरी आपल्या एकाच खुंटीचे दोन तुकडे केले. एक ह्या पेटीत टाकला, एक त्या पेटीत. चोरी करायची असती तर दोन्ही एकीतच टाकले असते." एवढं बोलून ती खाली बसली. नाव तिनं घेतलं नाही. सारजाबाईंनीही घेतलं नाही.

मग चतुराबाईंनी कमरेची सुरी काढून समोर ठेवली.

"मी केलं," त्या म्हणाल्या. "मला काय ठाऊक एवढा गोंधळ होईल. गुरुवारी नऊ-नऊ निघाल्या, तेव्हा मला वाटलं, खरंच कुणी एक जादा टाकली. माझे तुकडे तुम्ही दोन धरले आसाल, हे ध्यानातच आलं नाय. काल सुवार्ता फाटकाशी थांबून पेरूकडं बघत राहिली, अन् माझ्या डोक्यात उजेड पडला."

"पण बाई, तोडली कशाला?" काकासाहेबांनी कपाळाला हात लावला.

"त्या दानपेट्या तुम्हीच आणल्या ना? चार वर्षांची असल्यापासनं माझ्या आईनं शिकवलंय. दोन पेट्या येतात, दोन्हीत काहीतरी पडलं पाहिजे. एकच बोर असलं तर दातानं तोडून दोन्हीत टाक. एकीत टाकून दुसरीला नाय म्हणायचं, हे ह्या हाताला कधी कुणी शिकवलंच नाय. सुरी कवा बाहेर आली, कळलं बी नाय."

कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच हसले. लाकूड वाचवायला पेट्या आणलेले काकासाहेबही हसले. फकिरा तेवढा हसला नाही. रामकिसन त्याच्यासमोर जाऊन बसला आणि त्यानं त्याच्या पायांना हात लावला.

"उस्ताद, गुरुवारी मी बी तुमच्याकडं बघितलं व्हतं. माफी करा."

"ऊठ," फकिरा म्हणाला. "पँटीला भुसा लागंल."

"बरं, मग निकाल काय?" काकासाहेब म्हणाले. "आठ इकडं, आठ तिकडं. चतुराबाई, आता एकच बाजू सांगा. अर्धं मत नसतं."

"अन् अर्धा माणूस असतो व्हय?" चतुराबाई म्हणाल्या. "मिस्त्री लाकूड नासवतो, हे खरं. मिस्त्रीला काढलं तर आपण नासतो, हे बी खरं. तुम्ही मला दोन खऱ्यांतलं एक खोटं करायला सांगताय."

"मला सांगायचंय ते मी मावशींना सांगितलंय," काकासाहेब हळू म्हणाले. "धनी उदार होऊ शकतो. आपण सतरा जण. एकमेकांच्या ताटातून उदार कसं व्हायचं?"

सारजाबाईंनी चष्मा पुसला. "काल मला उत्तर नव्हतं. रात्रभर विचार केला. काकासाहेब, तू जन्मलास त्या दिवशी काय काम केलंस?"

"काय करणार? जन्मलो."

"ह्या रामकिसननं काय केलं? नुसता बोंबलला. तुम्हा बहुतेकांना मी ह्या हातानं धरलंय. पहिल्या दिवशी कुणी एक खिळा ठोकला नव्हता. तरी पोटभर दूध मिळालं. कुणाच्या ताटातलं होतं ते? आईच्या. तिनं काय म्हटलं, आधी काम दाखव? धनी कुणीच नाय, पोरांनो. सगळे आधी खाल्लेले हायत."

छपरावर एक कावळा चालत गेला, त्याच्या नखांचा आवाज ऐकू आला.

काकासाहेब मान खाली घालून भुशात बोटानं रेघा ओढत होते. "खायला घालू," ते शेवटी म्हणाले. "त्यात आता वाद नाही. पण फकिरादादा नुसतं बसून खाईल का? मी ओळखतो त्याला. महिन्याभरात गाठोडं बांधील."

"बसवता कशाला?" चतुराबाई म्हणाल्या. "मागल्या खेपेला शाळेतनं तीन बाक परत आले, ठाऊक हाय ना? पोरींच्या पोटऱ्यांत कुसळं शिरली. आपल्या धडधाकट डोळ्यांना दिसली व्हती का ती कुसळं? मिस्त्रीचे डोळे गेलेत, बोटं नाय गेली. हात कापला तरी लाकडाचं खरखरीत त्याला कळतं. फाटकातनं एक बी बाक मिस्त्रीचा हात फिरल्याबिगर जायला नको. असं ठरवा."

काकासाहेबांनी वर बघितलं. "हे मला कसं सुचलं नाही?"

"तुम्ही पेट्या आणायला गेला व्हता," चतुराबाई म्हणाल्या.

ह्या वेळी पेटी कुणी मागितली नाही. काकासाहेबांनी विचारलं, मिस्त्रीनं राहावं, पूर्ण वाट्यानं, ह्याच कामावर, असं कुणाला वाटतं? एकेक हात वर जाऊ लागला. पहिला रामकिसनचा. चतुराबाईंचा अख्खा हात. शेवटी काकासाहेबांचा स्वतःचा.

सोळा हात वर होते. सतरावा खाली.

फकिराचा तांबूस अंगठा गाठोड्याच्या गाठीवर होता. "तुम्ही दयेनं म्हणताय," तो म्हणाला. "मला कळतं. उद्या माझ्या हातनं एक कुसळ सुटलं, की पुन्हा हेच. त्यापरीस मोटारीची वेळ झाली, जाऊ द्या मला."

त्या सगळ्या गर्दीत फकिराच्या खाली राहिलेल्या हाताचं ज्यांना नवल वाटलं नाही, अशा दोघीच होत्या. त्यातली थोरली स्टुलावरच राहिली.

धाकटी उठली. ती भिंतीपाशी गेली आणि रांगेतला एक बाक तिनं दोन्ही हातांनी ओढायला सुरुवात केली. बाक जड होता. रामकिसन मदतीला उठला, तशी तिनं मान हलवून त्याला बसवलं. भुशात चार लांब रेघा उमटवत तिनं तो बाक आजोबांच्या गुडघ्यापर्यंत आणला.

"आबा, सोमवारी ह्याच्यावर मी बसणार हाय," ती म्हणाली.

मग तिनं गाठोड्यावरचा त्याचा हात उचलला, मिटलेली बोटं एकेक करून उघडली, तळवा फळीच्या डाव्या टोकाला टेकवला, आणि बाकाच्या उजव्या टोकाशी जाऊन वाट बघत उभी राहिली.